उत्तमचा डावा पाय

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं माझी बायको सगळ्यांना सांगत असते. खोटं नाही ते. जिंतुरात परभणी रस्त्याला माझं गॅरेज आहे. तिथं दिवसभर चहा पीत बसणाऱ्या माणसांना माझं सगळं ठाऊक आहे – साडूशी झालेलं भांडण, मुतखडा, दहावीत दोनदा खाल्लेली गटांगळी. ही एक गोष्ट मात्र त्यांना ठाऊक नाही. बायकोला नाही. ज्याच्याशी मी असा वागलो, त्याला तर नाहीच नाही. नऊ वर्षं मी ती कशी दाबून धरली, याचं माझं मलाच नवल वाटतं. आता तुमच्यापुढं बसलोय तर जीभ जड झालीय – कुठून धरू?

गाडीपासूनच धरतो. गाडीचं बोलायला मला सोपं जातं.

तात्या म्हणून आमच्याकडं एक नर्सरीवाले आहेत. चारठाण्याच्या रस्त्याला त्यांची नर्सरी – मोसंबीची कलमं, आंबा, सीताफळ, बांधावर लावायला साग. रोपं गावोगाव पोचवायला त्यांनी एक पिकअप घेतली होती. भाजीबाजारात दिसते तसली नव्हे. पुढं चार दारं, मागं उघडा हौदा, आणि – इथंच सगळं आहे – क्लच नाही. ऑटोमॅटिक. पुण्याच्या कुणा हौशी माणसानं बारा-तेरा वर्षं वापरून काढलेली. तात्यांच्या पुतण्याला ती आवडली, त्यानं ती आणून दारात उभी केली, आणि मग एकही ड्रायव्हर तिच्यावर टिकेना. सवयीनं डावा पाय क्लच शोधायचा, क्लच नाही म्हणून ब्रेकवर पडायचा, आणि गाडी जागच्या जागी नाक घासायची. पहिल्याच आठवड्यात हौद्यातली निम्मी रोपं मोडली. तात्या म्हणाले, ही बला विकून टाकतो.

मीच म्हणालो, विकू नका. हिला डावा पाय लागत नाही ना? मग डावा पाय नसलेला माणूसच हिच्यावर बसवा.

तो माणूस म्हणजे उत्तम. शाळेपासूनचा माझा मित्र. जिंतूर-परभणी काळीपिवळी चालवायचा, आणि चालवायचाही असा की म्हातारी माणसं त्याची गाडी येईपर्यंत स्टँडवर थांबायची. एका सोयाबीनच्या हंगामात मळणी यंत्रात त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. रबरी पाय बसवला, त्यावर चालायला शिकला, पण गाडी कोण देणार? दोन वर्षं तो माझ्या गॅरेजातल्या बाकड्यावर बसून असायचा. रस्त्यानं जाणाऱ्या गाडीचा आवाज ऐकून ती कुणाची हे मान वर न करता सांगायचा. त्याला मी तात्यांकडं नेलं. परभणीला आरटीओत त्याच्याबरोबर खेट्या घातल्या, लायसनवर तशी नोंद करून घेतली. पहिल्या दिवशी तो रोपं भरून येलदरीला जाऊन आला. एक पान हललं नाही, असं तात्या अजून सांगतात. त्याच्या बायकोनं, गंगावहिनींनी, त्या संध्याकाळी माझ्याकडं धपाटे आणि दह्याचं गाडगं पाठवलं. मिस्त्रीनं उत्तमला उभं केलं, असं गावात झालं. लोक आजही तेच म्हणतात, आणि मी ऐकून घेतो.

बघा, पुन्हा मी स्वतःचं चांगलंच सांगत बसलो. माणूस कबूल करायला बसतो आणि आधी स्वतःच्या गळ्यात हार घालून घेतो. असो.

चार वर्षं त्यानं ती गाडी चालवली. मग एक दिवस ती घेऊन माझ्याकडं आला. तक्रार अगदीच किरकोळ. गिअर टाकला की टक् असा आवाज, आणि गाडीला एक हलका झटका. उत्तमनं काय सांगितलं ते मला शब्दन्‌शब्द आठवतं.

"आवाज मागून यायलाय बघ मिस्त्री. बुडाकडून. हौद्याच्या खालून."

त्यानं बरोबर सांगितलं होतं. इंजिनापासून मागच्या चाकांकडं एक लांब शाफ्ट जातो, त्याच्या जोडावर क्रॉस नावाचा हातभर नाही, मुठीएवढा तुकडा असतो. तो झिजला की असाच टक् आवाज येतो. असे क्रॉस मी आयुष्यात किती बदलले असतील? तासाभराचं काम. गाडीखाली सरपटत जाऊन हातानं शाफ्ट हलवून पाहिला असता तरी कळलं असतं.

पण मी गाडीखाली गेलोच नाही. का? तर ती ऑटोमॅटिक होती म्हणून. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला जिंतुरात तोवर कुणाचा हात लागला नव्हता. माझाही नाही. त्या दिवशी बाकड्यावर चार-पाच माणसं बसलेली होती, आणि सगळे माझ्याकडं बघत होते – आता मिस्त्री काय करतो? तेव्हा क्रॉस बदलून कसं चालेल? क्रॉस काय, कुणीही बदलतो. मला तो दोष गिअरबॉक्समध्येच पाहिजे होता. मी उत्तमला म्हणालो, तू चालवायचं बघ, ऐकायचं माझ्यावर सोड. माणसं हसली. उत्तमही हसला.

गाडी बंद केली, बॉनेट उघडलं, आणि गिअरबॉक्सचं तेल बघायची पट्टी ओढून काढली. तीस वर्षं मी तेल असंच बघत आलोय – इंजिन बंद, गाडी सपाट जागी, पट्टी पुसायची, घालायची, काढायची. डोळे झाकून करीन. तेल खुणेच्या बरंच वर होतं. मी सगळ्यांना पट्टी दाखवली. म्हणालो, हे बघा, तेल जास्त भरून ठेवलंय कुणीतरी, म्हणून झटका मारतेय. आणि खालचा बोल्ट सैल करून पावणेदोन लिटर तेल काढून टाकलं.

त्या गाडीचं उलटं असतं. तिचं तेल गाडी चालू ठेवून, गरम झाल्यावर बघायचं असतं. बंद केली की वर फिरणारं तेल सगळं खाली येऊन साठतं आणि पट्टीवर जास्त दिसतं. ते जास्त नसतंच. हे मला ठाऊक नव्हतं – पण ठाऊक नसणं हा माझा गुन्हा नव्हे, तिथं मी लपणार नाही. पट्टीच्या मुठीवर इंग्रजीत बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलेलं होतं – तेल कसं बघायचं तेच. मूठ पुसताना ते मला दिसलं. इतकं इंग्रजी मला येतं. पण सगळ्यांच्या देखत वाचत बसलो असतो तर मिस्त्रीला हे माहीत नाही असं झालं असतं, म्हणून मी मूठ पुसून पट्टी परत खोचली.

आठवड्यानं उत्तम आला. म्हणाला, गिअर टाकल्यावर गाडी लगेच निघत नाही, जरा विचार करून निघते. मी म्हणालो, जुनी झाली, आपणही खाली बसल्यावर एका झटक्यात उठतो का? चालव. चार दिवसांनी पुन्हा आला. चढावर इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही. मी म्हणालो, चालव, होईल नीट. पुन्हा पट्टी काढून बघायला काय लागत होतं? पण पुन्हा बघायचं म्हणजे आधी चुकीचं बघितलं हे कबूल करणं आलं ना.

आणि मग येलदरीच्या चढावर ती थांबली ती थांबलीच. हौद्यात मोसंबीची कलमं, वर ऊन, आणि गाडीखालून जळका वास. ट्रॅक्टरला बांधून तिला माझ्या दारात आणली. उत्तम ट्रॅक्टरवर मागं तोंड करून बसला होता, तिच्यावर नजर ठेवून.

मी संभाजीनगरच्या एका मिस्त्रीला फोन लावला. ऑटोमॅटिकचं काम करणारा माणूस, ऐकीव ओळखीचा. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, तेल गाडी चालू ठेवून बघितलं होतं ना? मी हो म्हणालो. विचार करायच्या आत हो म्हणालो. फोन ठेवला, गॅरेजात कुणी नव्हतं, गाडी चालू केली आणि पट्टी ओढली. कोरडी. टोकाला नावापुरतं काळं ओलसर, बाकी कोरडी. मी ती पुसून पुन्हा घातली, पुन्हा काढली. किती वेळा केलं असेल कुणास ठाऊक.

गिअरबॉक्स उतरवायचा म्हणून शाफ्ट सोडला. क्रॉस माझ्या हातात खुळखुळत आला. खालच्या भांड्यात तेल नव्हतं, काजळी होती. म्हणजे जो दोष होता तो मी पाहिलाच नाही, आणि जो नव्हता तो मी माझ्या हातानं तयार केला. हे त्या दुपारी मला स्वच्छ कळलं होतं. पुढं जे झालं ते न कळता झालं, असं मला कधीच म्हणता येणार नाही.

संध्याकाळी तात्या आले. बरोबर उत्तम. तात्यांचा आवाज कधी चढत नाही. त्यांनी नुसतं विचारलं, काय झालं मिस्त्री?

एवढा साधा प्रश्न. तात्या मला मारणार होते का? गॅरेज बंद करणार होते? फार तर म्हणाले असते, चुकलास. बाकड्यावरची माणसं आठ-पंधरा दिवस हसली असती. एवढंच होतं. एवढ्याचीच मला भीती वाटली, आणि त्या भीतीला मी काय दिलं ते आता सांगतो.

मी भांड्यातलं ते काळं बोटावर घेतलं, हुंगलं, तात्यांना दाखवलं आणि म्हणालो, "जळालंय तात्या. ब्रेकवर पाय ठिवून गाडी पळवली की आसं होतं."

मी उत्तमचं नाव घेतलं नाही. नाव घ्यायची गरजच नव्हती. तात्यांची नजर खाली गेली, उत्तमच्या डाव्या पायाकडं. माझीही गेली. आणि मग – हे मला सगळ्यात जास्त छळतं – उत्तमनंही मान खाली घालून स्वतःच्या पायाकडं पाहिलं. तो भांडेल, असं मला वाटलं होतं. खरं सांगू? मी त्याची वाटच बघत होतो. तो चिडला असता तर मीही चिडलो असतो, आणि त्या भांडणात खरं-खोटं बुडून गेलं असतं.

"आसंल तात्या," तो म्हणाला. "त्या पायाचं मला कायबी कळत न्हाई. कुठं पडतोय, कुठं न्हाई. माझ्याच्यानंच झालं आसंल."

ब्रेक दाबून गाडी चालवली असती तर आधी ब्रेकचे पॅड झिजले असते. ते मी दुपारीच पाहिले होते. चार वर्षं वापरलेले, पण इतके चांगले की दुसऱ्या कुणा ड्रायव्हरच्या गाडीत मी तसे पाहिले नाहीत. ते तिथंच होते, चाकाआड, आमच्यापासून दोन हातांवर. हे मला एकट्याला ठाऊक होतं, आणि मी काय केलं? उत्तमच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, होतं असं, मनाला लावून घेऊ नको. क्रॉस मी आधीच भंगारात टाकला होता.

तात्या भला माणूस. त्यांनी उत्तमला काढलं नाही. नर्सरीत पिशव्यांत माती भरायला बसवलं, बायांच्या रांगेत. नवा गिअरबॉक्स परवडणारा नव्हता, म्हणून गाडी वर्षभर कुंपणाला लावून उभी होती, मग भंगारात गेली. गंगावहिनी एकदा माझ्या घरी येऊन गेल्या, आमच्यामुळं तुमचं नाव खराब झालं म्हणून वाईट वाटून घेऊ नका, असं सांगायला. मी त्यांच्यासमोर बसून चहा प्यालो.

तुम्ही म्हणाल, घाबरून तोंडातून एक खोटं निघालं, माणूस आहे, होतं. मीही स्वतःला तसंच समजावत होतो. तेवढंच असतं तर कदाचित हे तुम्हाला सांगायला बसलोही नसतो. पण त्यानंतरचं घाबरून झालेलं नाही. ते मी शांतपणे, विचार करून केलं. त्याच्याभोवती मी एवढा वेळ फिरतोय.

गाडी बंद पडून दोनेक वर्षं झाली असतील. जिंतुरात एक डॉक्टरीणबाई आल्या. त्यांच्याकडं ऑटोमॅटिक कार होती, आणि त्यांना दवाखान्यातून घरी, घरून परभणीला नेणारा शांत माणूस पाहिजे होता. कुणीतरी उत्तमचं नाव सांगितलं. बाईंनी त्याला बोलावून घेतलं, पाय पाहिला, लायसन पाहिलं आणि म्हणाल्या, या उद्यापासून. उत्तम तिथून घरी गेला नाही. सरळ माझ्याकडं आला. मातीनं भरलेली नखं, पण केस पाण्यानं बसवलेले. बाकड्यावर बसला नाही, उभाच राहिला.

"घेऊ का रं मिस्त्री?" म्हणाला. "बाई मागं लागल्यात. पर मला भ्या वाटायलंय. लेकरबाळं आसतेत गाडीत. तू ती गाडी उघडून बघितलीस, तुला ठावं हाय माझा पाय कसा पडतोय. तू म्हण, मी जातो."

तू म्हण, मी जातो. त्याचं सगळं त्या वेळी माझ्या एका शब्दावर होतं, आणि त्यानं ते आपण होऊन माझ्या हातात दिलं होतं. समोर तात्या नव्हते. बाकड्यावर कुणी नव्हतं. खरं सांगायचं नसतं तरी चाललं असतं – नुसतं 'जा, घे' म्हणालो असतो तरी तो गेला असता. एवढंही मला जमलं नाही. कारण माझ्या डोक्यात लख्ख हिशेब झाला: हा बाईंची गाडी दोन-चार वर्षं नीट चालवणार. त्या गाडीला काही होणार नाही. मग कुणीतरी विचारणार, मग तात्यांच्या गाडीलाच कसं काय झालं?

मी म्हणालो, "नको उत्तम. बाईमाणसाची गाडी हाय. कशाला जोखीम?"

त्यानं मान हलवली. बरं झालं तुला विचारलं, म्हणाला. माझा हात हातात घेतला होता त्यानं. मग तो रबरी पाय जपून टाकत रस्ता ओलांडून गेला, आणि मी एका मोटारसायकलचं चाक काढायला बसलो.

अजून तो नर्सरीतच आहे. माझ्या गॅरेजात येतो, बसतो. नवीन ड्रायव्हर पोरांना सांगतो, ब्रेकवर पाय विसरू नका रे, माझ्या पायानं तात्यांची गाडी जाळली. मी तिथंच पाना हातात घेऊन असतो. पोरं माझ्याकडं बघतात, खरंय का म्हणून, आणि मी मान डोलावतो. नऊ वर्षांत असं किती वेळा झालं असेल? प्रत्येक वेळी ते नव्यानं खोटं बोलणंच आहे, तोंड उघडलं नाही तरी. मला लाज वाटते. वाटते म्हणून काय झालं? ती घेऊन मी रोज गॅरेज उघडतो आणि पोटभर जेवतो.

मागच्या उन्हाळ्यात राणीसावरगावला एका लग्नाला आम्ही एकाच गाडीतून गेलो. गाडी तात्यांच्या पुतण्याची, तोच चालवत होता. उत्तमला पाय लांब करता यावा म्हणून त्याला पुढं बसवलं, मी मागं बसलो. गाडी सुरू झाली तसा उत्तमनं दोन्ही हातांनी आपला डावा पाय उचलला, दाराला चिकटवून ठेवला आणि गुडघ्यावर तळहात दाबून धरला. पुतण्यानं विचारलं, काका, दुखायलंय का? उत्तम म्हणाला, न्हाई रे, ह्याचा भरवसा न्हाई, कुठं पडंल सांगता येत न्हाई.

त्या बाजूला ब्रेक नसतो. त्या बाजूला काहीच नसतं, रबराची चटई असते नुसती. ज्यानं निम्मं आयुष्य गाडीत काढलं त्याला हे ठाऊक नसेल का? परभणी गेलं. गंगाखेड गेलं. वाटेत चहाला थांबलो, पुन्हा गाडीत बसलो आणि त्यानं पुन्हा पाय उचलून दाराशी ठेवला. राणीसावरगाव येईपर्यंत त्यानं त्या गुडघ्यावरचा हात काढला नाही. मी त्याच्या मागच्याच सीटवर बसून ते बघत होतो.